बिनहळहळीची टोपी

निमखेडच्या गोल्फ क्लबात कुणी पाहुणा आला की आम्ही त्याला आधी सातव्या होलवरच्या बोकडाची हकीकत सांगतो. हेरंब टिपणीसने मारलेला चेंडू चरणाऱ्या बोकडाच्या शिंगांत जाऊन अडकला. बोकड रमतगमत झेंड्यापर्यंत गेला, काठीला मान घासली आणि चेंडू बरोबर भोकात टाकून परत पाला खायला लागला. हा फटका धरायचा की नाही यावर कमिटीने अख्खा पावसाळा घालवला आणि शेवटी तो बोकडाच्या नावावर मांडला. यातलं निम्मं खरं आहे. कुठलं निम्मं ते विचारू नये.

पुढची गोष्ट मात्र सगळी खरी धरून चाला. मला तरी ती कमीजास्त करावीशी वाटलेली नाही, आणि मला ओळखणाऱ्यांना यावरूनच काय ते कळेल.

राज्यात पाणी-कायदा झाला, मैदानांना पाणी द्यायला बंदी आली, तेव्हा मोठ्या शहरांतली हिरवीगार गोल्फची मैदानं एका उन्हाळ्यात वाळून कोळ झाली. आमच्या मैदानाला काही झालं नाही, कारण त्याने पाणी कधी पाहिलंच नव्हतं. लष्करी कँपातल्या गोऱ्या साहेबांच्या काळापासून इथे माळ, बोरी, बाभळी, आणि होलभोवती हिरवळीऐवजी तेल शिंपडून दाबलेल्या वाळूचं गोल अंगण. त्याला आम्ही ब्राऊन म्हणतो. चेंडू ब्राऊनवर आला की त्याच्यापासून भोकापर्यंतची वाळू लांब दांड्याच्या फळीने ओढून सारखी करायची आणि मग चेंडू हलकेच ढकलायचा, म्हणजे पट मारायचा. इतर ठिकाणी ज्याची वाळू तोच ओढतो. आमच्याकडे नियम असा, की आपल्या चेंडूपुढची वाळू आपण ओढायची नाही, जोडीदाराने ओढायची. स्वतःची वाट स्वतःच करायला दिली की माणूस हळूच भोकाकडे चर पाडतो, हे आमच्या आधीच्या मंडळींना अनुभवाने ठाऊक झालेलं असणार.

दुसरी रीत रविवारच्या चहाची. खेळ संपला की मोठ्या टेबलाभोवती बसायचं आणि प्रत्येकाने त्या दिवशीचा आपला सगळ्यात वाईट फटका सांगायचा. चांगल्या फटक्याबद्दल बोलायला बंदी. ज्याचा फटका सगळ्यांत वाईट ठरेल त्याला कांदाभज्यांची पहिली प्लेट. त्या प्लेटीसाठी लोक आपल्या फजितीला काय काय झालर लावायचे! माझ्या थापांचं शिक्षण त्याच टेबलावर झालं. मला तिथे अप्पा म्हणतात आणि माझ्या हकीकती दोनाने भागून घेतात.

पहिली प्लेट बहुतेक वेळा हेरंबकडे जायची. वीज मंडळातून निवृत्त झालेला उपअभियंता. खांदे चांगले, नजर चांगली, लांबचा फटका सणसणीत. पण हातभर अंतरावरचा पट आला की त्याच्या मनगटात पाल चुकचुकायची. गोल्फमध्ये ज्याचे फटके कमी तो वरचढ, आणि हेरंबचे फटके असल्या चिल्लर पटांवरच उधळले जायचे. चेंडू हुकला की तोंडातून ‘च्च’ निघायचं. ते ‘च्च’ आम्हाला शेजारच्या होलवर ऐकू यायचं.

ते तिथेच थांबतही नसे. संध्याकाळी तो आपल्या जोडीदाराला फोन करायचा. जोडीदार म्हणजे रूबेन तळकर, रेल्वेचा जुना गार्ड, बेने इस्रायली, म्हणजे कोकणातला मराठी ज्यू, कुलाबा जिल्ह्यातल्या तळे गावचा. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी शुलामित इस्रायलमध्ये अश्दोदला. ती वर्षानुवर्षं बोलावत होती आणि रूबेन दर वेळी एकच कारण सांगून टाळत होता: “मी आलो तर रविवारी हेरंबची फळी कोण ओढणार?”

फोनवर हेरंब सुरू व्हायचा. रूबेन, तो तिसऱ्या होलचा पट. मी जरा डावीकडे धरायला हवा होता. तू वाळू किती सुंदर ओढली होतीस आणि मी माती केली. रूबेन सगळं ऐकून घ्यायचा आणि शेवटी म्हणायचा, “गाडी गेली रे हेरंब. कंदील खाली ठेव.”

एवढं ऐकलं की हेरंब जेवायला बसायचा.

घरीही त्याची हीच तऱ्हा. सकाळी सुलभावहिनींवर कशावरून तरी आवाज चढवायचा आणि दुपारपर्यंत स्वतःहून मेथी निवडायला बसायचा. ‘चुकलो’ हा शब्द पाणी मागावं इतक्या सहज त्याच्या तोंडी यायचा. वहिनी म्हणायच्या, यांचा राग म्हणजे उतू गेलेलं दूध, ओटा पुसायला तेच येतात.

तर अशा या आमच्या क्लबात डॉक्टर रेवती चौबळ आल्या. पाणी-कायद्यानंतर राज्यभर वाळूची मैदानं निघाली होती आणि आमचं सगळ्यात जुनं म्हणून त्यांच्या कंपनीने आम्हाला निवडलं होतं. पस्तिशीच्या बाई, डोक्यावर साधीशी पांढरी टोपी, बोलणं झरझर. त्यांनी भज्यांची प्लेट बाजूला सरकवली आणि विचारलं, हौशी खेळाडूचा स्कोअर का सुधारत नाही?

कुणी म्हणालं कंबर, कुणी म्हणालं चष्मा, कुणी बायको.

“तुमचे हात वाईट नाहीत,” त्या म्हणाल्या. “तुमची आठवण वाईट आहे.”

मग त्यांनी समजावलं ते असं. आपल्या हातून चूक झाली की मेंदूच्या पुढच्या बाजूला, दोन अर्धांच्या मधल्या घडीत, एक ठिणगी उडते. डोळा लवायच्या आत उडते. चूक झाली हे आपल्याला शब्दांत कळायच्या आधीच ती उडून गेलेली असते. ही ठिणगी चुकीच्या आठवणीला डाग देते, गुराला द्यावा तसा. पुढच्या वेळी तसाच पट समोर आला की तो डाग ठणकतो आणि मनगट आखडतं. व्यावसायिक खेळाडू वर्षानुवर्षं सराव करून तो ठणका दाबायला शिकतात. हौशी माणसाला तेवढा वेळ कुठला? टोपीच्या कडेत बारीक संवेदक शिवलेले असतात, ते ठिणगी उडताक्षणी ओळखतात. लगेच कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनीची एक बारीक लहर त्या घडीवर सोडली जाते आणि ठिणगी विझते. आठवण राहते, डाग राहत नाही.

हेरंबने विचारलं, टोपी फक्त मैदानावर घालायची का?

“शक्यतो दिवसभर,” बाई म्हणाल्या. “पट चुकतो मैदानावर, पण पक्का होतो घरी. जेवताना, आंघोळ करताना तुम्ही तो पुन्हापुन्हा आठवता, आणि दर आठवणीला डाग खोल जातो.”

हेरंबने रूबेनकडे असं पाहिलं की जणू बाई त्याच्या घरी राहून आल्या होत्या.

आम्ही सगळ्यांनी टोप्या घेतल्या. रूबेनने घेतली नाही. गार्डाच्या डोक्यावर एकदा टोपी चढली की पेन्शनीलाच उतरते, माझी उतरली आहे, पुन्हा चढवायची नाही, म्हणाला.

आणि बघा, टोपीने बोलल्याप्रमाणे केलं. पहिल्याच रविवारी हेरंब हातभरावरचा पट चुकला, आणि ‘च्च’ आलं नाही. तो शांतपणे पुढच्या होलकडे चालू लागला आणि तिथे तसलाच पट त्याने चहात साखर टाकावी तसा टाकला. महिन्याभरात त्याचा स्कोअर इतका उतरला की कमिटीला बोकडाचा संशय आला. जन्मात शंभराच्या आत न आलेला माणूस नव्वदीत खेळायला लागला. आम्हा सगळ्यांचंच तसं झालं. क्लबच्या भिंतीवरच्या पडद्यावर आमची नावं जिल्ह्यात वर वर सरकत गेली. त्या दिवसांत आम्ही फार सुखी होतो, हे मला कबूल केलं पाहिजे.

पहिल्यांदा बिघडला तो चहा. टेबलावर बसल्यावर सांगायला काही नसे. वाईट फटका झालेला आठवायचा, पण तो वाईट वाटायचा नाही, आणि न वाटलेली फजिती सांगायची कशी? मी एकदा बोकडाची गोष्ट सुरू केली आणि मध्येच थांबलो. पुढे काय रंगवायचं तेच सुचेना. भजी गार व्हायला लागली. रूबेन एकटा आपला वाईट फटका सांगायचा आणि आम्ही त्याच्याकडे परभाषेतल्या बातम्या बघाव्यात तसे बघायचो.

दुसरं जे झालं ते हळूहळू झालं, म्हणून लवकर ध्यानात आलं नाही. चूक तर होतच होती. ती आपली वाटत नसल्यामुळे कुणाची तरी असायला लागली. वाऱ्याची, चेंडूच्या कंपनीची, बाभळीची. मग घरी भाजीत मीठ जास्त पडलं तर मिठाची, आणि मग मीठ टाकणारीची. सुलभावहिनी एकदा बाजारात भेटल्या. पिशवीत मेथीच्या जुड्या होत्या. म्हणाल्या, “भाऊजी, हे आता ओरडतच नाहीत. नुसतं सांगतात, शांतपणे, की तुझं चुकलं. आणि मग टीव्ही लावतात. मेथी मी एकटीच निवडते.”

मी त्यांना सांगितलं, स्कोअर फार सुधारलाय हो त्याचा. माझ्याही डोक्यावर टोपी होती.

त्या वर्षी जोड्यांच्या चषकात हेरंब आणि रूबेन शेवटच्या फेरीत पोचले. वीस वर्षं ही जोडी तळातून पहिली यायची. रूबेनचे गुडघे संपले होते. एकेक होल तो काठी टेकत चालायचा, पण ब्राऊनवर पोचला की काठी टाकून फळी उचलायचा. शेवटच्या, नवव्या होलला सामना बरोबरीत होता आणि हेरंबसमोर हातभराचा पट होता. पडला की चषक.

रूबेनने वाळू ओढली. सावकाश, मागे मागे सरत. ओढून झाल्यावर भोकाजवळ काहीतरी करत थोडा वेळ खाली वाकलेला दिसला, मग धापा टाकत बाजूला झाला. हेरंबने पट मारला. चेंडू भोकाच्या उजव्या काठाला चाटून गेला.

‘च्च’ नाही. हेरंब मान वळवून रूबेनकडे बघत होता. आवाज जराही चढलेला नव्हता. मीटरचा आकडा वाचून दाखवावा तसं म्हणाला, “वाळू नीट ओढली गेली नाही. तुझा हात थरथरतो आता, रूबेन. पुढच्या वर्षी मी दुसरा जोडीदार बघतो.”

आम्ही सगळे भोवती उभे होतो. कुणाला काही वावगं वाटलं नाही. वाळूची चूक असू शकते, असं मलाही वाटून गेलं. फक्त रूबेनने फळीवरची वाळू झटकली, ती जागेवर टेकवून ठेवली आणि काठी शोधायला लागला. काठी त्याच्या पायाशीच पडलेली होती.

टेबलावर रीतीप्रमाणे त्याला विचारलं, रूबेन, आजचा वाईट फटका? तो म्हणाला, “आज फटका नाही. आज फळी.” भज्यांची प्लेट त्याच्याकडे सरकवली ती त्याने तशीच पुढे सरकवली.

त्या संध्याकाळी हेरंबचा फोन गेला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. रूबेन फोन उशाशी घेऊन बसलेला असायचा, हे मला त्याच्या शेजाऱ्याकडून पुढे कळलं. हेरंबचा राग आणि हेरंबचं चुकलो, या दोन्हींमध्ये आजवर कधी एका जेवणापेक्षा जास्त अंतर पडलं नव्हतं. रूबेन त्या हिशोबाने थांबला असणार. महिना गेला. मग त्याने शुलामितला कळवलं की येतो.

निघण्याआधी त्याने घरी मलिदा केला. बेने इस्रायली लोकांत मोठ्या प्रवासाआधी, नवस फेडताना, एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नावाने करतात. परातीत गूळ-खोबरं घातलेले भिजवलेले पोहे, वर खजूर, केळी, फळांच्या फोडी. प्रार्थना झाली आणि रूबेन एकेकाच्या हातात प्रसाद देत आमच्यापर्यंत आला. हेरंब माझ्या शेजारी बसला होता, डोक्यावर पांढरी टोपी. टोपी घातलेली होती ते त्या घरात शोभूनच दिसलं, तिथे प्रार्थनेला सगळेच डोकं झाकतात.

रूबेन त्याच्यासमोर जरा जास्त वेळ थांबला. सुलभावहिनींनी पदर तोंडाशी धरला होता. एक शब्द पुरला असता. विमानाचं तिकीट रद्द करता येतं, शुलामित चार दिवस रुसली असती, एवढंच.

हेरंबने घास खाल्ला आणि म्हणाला, “छान झालाय. गूळ बेताचा आहे.”

रूबेन म्हणाला, “आणखी घे.”

हेरंबने आणखी घेतला.

रूबेन गेला. हेरंबला नवा जोडीदार मिळाला, समीहन राजवाडे नावाचा संगणकवाला तरुण, चांगला खेळणारा, डोक्यावर आमच्यापेक्षा महागडी टोपी. दोघं सामन्यांमागून सामने जिंकत होते. आणि एका रविवारी चौथ्या होलला हेरंबने समीहनसाठी फळी ओढली, समीहनचा पट हुकला, आणि तो वळून शांतपणे म्हणाला, “काका, वाळू नीट ओढली नाहीत तुम्ही. हात थरथरतो तुमचा.”

आता इथे टोपीचा एक गुण लक्षात घ्या. ती आपल्या चुकीचा डाग पडू देत नाही. दुसऱ्याने दिलेला डाग तिला दिसत नाही. ते वाक्य हेरंबला थेट लागलं, कुठलीही लहर मध्ये आली नाही. तो फळी धरून उभा राहिला. चेहरा पडला. मग तो पुटपुटला, “हे वाक्य माझं आहे.”

त्याने टोपी काढून तिथल्या बोरीच्या फांदीला अडकवली आणि चालत घरी गेला. पुढच्या खेळाला समीहनला एकट्यालाच जावं लागलं. ती टोपी तिथे बरेच दिवस होती. पुढे तिच्यात एका चिमणीने घरटं केलं आणि त्या चिमणीला पिल्लं उडून गेल्याचं काही वाटलं नाही, असं मी सांगतो, पण ते सोडा.

टोपी काढली की सगळं परत येईल अशी हेरंबची समजूत होती. दोन दिवस तो गच्चीत वाट बघत बसला, वीज गेलेल्या घरात दिव्याखाली बसावं तसा. काहीच आलं नाही. मग तो मला बरोबर घेऊन पुण्याला डॉक्टर चौबळांकडे गेला.

बाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं. म्हणाल्या, तुमची आठवण शाबूत आहे ना? हेरंब म्हणाला, शब्द न् शब्द. मी त्याला दुखावलं हे मला माहीत आहे. जसं मला माहीत आहे की निमखेडला दोन शाळा आहेत.

“बरोबर,” बाई म्हणाल्या. “पुसलेलं असतं तर परत लिहिता आलं असतं. इथे डाग मुळात पडूच दिला नाही. आणि चूक पटाची की शब्दाची, हे त्या जागेला कळत नाही, तिला फक्त चूक कळते. घरी घालायला सांगताना हे आमच्या ध्यानात यायला हवं होतं.” हे त्या अगदी प्रसन्नपणे म्हणाल्या. त्यांची पांढरी टोपी डोक्यावरच होती.

उपाय काही? एक अंधुक शक्यता आहे, म्हणाल्या. कुठलीही आठवण आपण काढली, मोठ्याने सांगितली, की थोडा वेळ ती मऊ पडते, ओल्या मातीसारखी, आणि मग पुन्हा घट्ट होते. मऊ असताना तिच्यावर नवा ठसा उमटू शकतो. टोपी न घालता सांगत राहा. पण नुसत्या इच्छेने ठसा उमटत नाही. काहीतरी टोचेल असं त्या आठवणीतच सापडावं लागतं.

परतीच्या बसमध्ये मी म्हटलं, अरे, सरळ फोन कर आणि चुकलो म्हण. तो खिडकीबाहेर बघतच म्हणाला,

“काय सांगू त्याला? तोंडाने चुकलो म्हणायचं आणि आत काही नाही. अप्पा, तो गार्ड आहे. रिकामा डबा त्याला आवाजावरून कळतो.”

मग हेरंबने रविवारच्या टेबलावर सांगायला सुरुवात केली. त्याचं पाहून आमच्यातल्या बऱ्याच जणांनी, मीही, तोवर टोप्या उतरवल्या होत्या. ज्यांनी उतरवल्या नाहीत त्यांनी खिडकीजवळ वेगळं टेबल धरलं. त्यांचे स्कोअर आजही आमच्यापेक्षा चांगले आहेत. हेरंब उभा राहायचा आणि म्हणायचा, माझा सगळ्यात वाईट फटका, नववा होल. आणि सगळी हकीकत सांगायचा, त्याच सपाट आवाजात. संपलं की क्षणभर डोळे मिटून आतली चाहूल घ्यायचा आणि मान हलवून बसायचा. आम्ही भजी खायचो.  असे कित्येक रविवार गेले. त्याचा खेळही घसरला होता. जुनं ‘च्च’ पटांपुरतं परत आलं होतं, नव्या चुका पूर्वीसारख्या लागत होत्या, मेथीही निवडली जात होती. पण त्या एका जागेवर सगळं कोरडं ठणठणीत.

समीहननंतर हेरंबचा जोडीदार मी झालो होतो, त्यामुळे नवव्या होलवर आता त्याची फळी मी ओढत होतो. एका रविवारी त्याचा चेंडू जवळपास त्याच जागी येऊन थांबला. मी फळी ओढत भोकापर्यंत गेलो. शेवटच्या वीतभर जागेत फळी नीट फिरत नाही, तिथे कडेला वाळूची एक बारीक वरवंडी, बांधासारखी उंच रेघ, राहून जाते. मी ती तशीच सोडली. सगळेच सोडतात.

हेरंब पट मारायला वाकला आणि तसाच राहिला. मग पटर, म्हणजे पट मारायची काठी, खाली ठेवून त्या वरवंडीकडे बघत बसला. खेळ न संपवताच तो टेबलाकडे गेला. आम्ही मागोमाग.

“माझा सगळ्यात वाईट फटका, नववा होल,” त्याने सुरू केलं. “रूबेनने वाळू ओढली. ओढून झाल्यावर तो भोकाजवळ खाली वाकला.” इथवर नेहमीचं होतं. “वाकला नव्हता. गुडघे टेकले होते त्याने. त्या गुडघ्यांनी. फळीने राहते ती वाळू त्याने तळहाताने सारखी केली. दर वेळी करायचा. वीस वर्षं. मला दिसत होतं ते. त्या दिवशीही दिसलं. बोटांची टोकं उमटली होती वाळूत, आणि मी पट उजवीकडे मारला, आणि त्याला म्हटलं…”

आणि त्याच्या तोंडातून ते आलं. “च्च.”

खिडकीजवळच्या टेबलावरच्यांनीसुद्धा वळून पाहिलं. हेरंब खाली बसला. दोन्ही तळहात टेबलावर पालथे ठेवून त्यांच्याकडे बघत राहिला. खांदे हलत होते. कुणीतरी भज्यांची पहिली प्लेट त्याच्यासमोर ठेवली. ते आम्हाला दुसरं काही सुचलं नाही म्हणून.

त्याने तिथूनच फोन लावला. आम्ही उठायला लागलो तर हाताने बसा म्हणाला. पलीकडे रूबेनचा आवाज आला. हेरंबने सगळं सांगितलं. पट, वाळू, तळहात, मलिद्याचा गूळ. मध्ये मध्ये आवाज फुटत होता. डबा भरलेला होता, हे आम्हालाही कळत होतं. सांगून झाल्यावर तो थांबला, कान देऊन. त्या कंदिलाच्या वाक्याची तो वाट बघतोय हे टेबलावरच्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

रूबेन म्हणाला, “बरं झालं फोन केलात. इकडे ऊन फार आहे. सुलभाला विचारलं म्हणून सांगा. तब्येत सांभाळा.”

सांभाळा म्हणाला. अनेक वर्षं अरेतुरे केलेल्या माणसाला.

तेव्हापासून हेरंब दर रविवारी संध्याकाळी फोन करतो. चुकलेल्या पटाबद्दलच बोलतो. त्याचा स्कोअर पुन्हा शंभराच्या पार गेला आहे, त्यामुळे विषयाला तोटा नाही. रूबेन ऐकून घेतो, हवा सांगतो, ठेवतो. मागच्या खेपेला मात्र मध्येच त्याने विचारलं, फळी कुणी ओढली होती? हेरंबने माझं नाव सांगितलं. 

“अप्पाचा हात जड आहे,” रूबेन म्हणाला. “त्याला सांग, शेवटी तळहात फिरव.”

आणि फोन ठेवला.

या रविवारी मी गुडघे टेकले. टेकले म्हणजे काय, जमिनीने ओढून घेतले. तळहाताने ती वरवंडी सारखी केली. वाळू तापलेली होती आणि तेलाचा वास हाताला अजून येतोय. हेरंबने पट मारला. वीतभर उजवीकडून गेला. ‘च्च’ थेट सातव्या होलपर्यंत ऐकू गेलं. तिथे बोकड चरत होता, त्याने मान वर केली. यात काही भर घातलेली नाही.

संध्याकाळी हेरंबचा फोन झाल्यावर मी सुलभावहिनींना विचारलं, कंदिलाचं वाक्य आलं का?

नाही, म्हणाल्या. ताट वाढलंय, ते अजून बसले नाहीत.